शिसपेन्सिलीत शिसे नसते

गेल्या वर्षी पावसाळ्यातील एका दुपारी आम्ही नववीच्या वर्गात मध्यमपदलोपी समास शिकवीत होतो. 'पुरणपोळी' म्हणजे पुरण भरून केलेली पोळी, 'साखरभात' म्हणजे साखर घालून केलेला भात, ही नेहमीची उदाहरणे झाली. खाण्याचे शब्द पुरे झाले असे वाटून आम्ही समोरच्या बाकावरील पेन्सिल उचलली आणि 'शिसपेन्सिल' हा शब्द फळ्यावर लिहिला. 'शिसे भरलेली पेन्सिल ती शिसपेन्सिल' असा विग्रह करून पुढच्या शब्दाकडे वळणार, तोच तिसऱ्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली. तिचे घर आमच्या घरासारखेच कोंकणी बोलणारे. घाईत तिच्या तोंडून घरचीच भाषा निघाली, "सर, शिशें म्हळ्यार वीख न्हय?" शिसे विषारी असते असे विज्ञानाच्या तासाला सांगितले गेले होते, आणि पेन्सिलीचे टोक तर वर्गातील निम्मी मुले चावीत बसतात. तेव्हा तिची शंका अगदी रास्त होती.

आम्ही काय उत्तर दिले ते सांगावयास आज संकोच वाटतो. "थोडेसेच असते, त्याने अपाय होत नाही," असे म्हणून आम्ही पुढचा शब्द घेतला. हे उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते. ते आम्ही तेथल्या तेथे रचले होते. शिक्षकाच्या खोलीत आल्यावर विज्ञानाच्या सहकाऱ्यांस सहज विचारले, तर ते हसून म्हणाले, "अहो, शिसपेन्सिलीत शिसे कधीच नव्हते!" दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही आपली चूक कबूल केली. मुलीचे समाधान झाले नाही. तिने विचारले, "मग आत आहे तरी काय? आणि ते बोटांना का लागते? बाबा कारखान्यातून येतात तेव्हा त्यांच्या हातांनाही अस्सेच काळे लागलेले असते."

या तीन प्रश्नांनी आम्हांस वर्षभर कामाला लावले. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. पदार्थविज्ञान आम्ही शालान्त परीक्षेनंतर हातात धरले नव्हते. तरीही जे वाचले, विचारले व समजून घेतले त्यावरून आमचे एक मत बनले आहे, आणि ते या वार्षिक अंकातून विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडावे असे वाटते.

प्रथम त्या शब्दाची हकिकत. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या वायव्येकडील बॉरोडेल येथे एक काळा, मऊ, हाताला तेलकट लागणारा खनिज पदार्थ सापडला. मेंढ्यांवर खुणा करण्यास तो मेंढपाळांना सोयीचा पडला, असे सांगतात. तो शिशासारखा दिसे व शिशाप्रमाणे कागदावर रेघ उमटवी; म्हणून लोक त्यास 'काळे शिसे' म्हणू लागले. पुढे १७७९ साली कार्ल विल्हेल्म शेले या रसायनशास्त्रज्ञाने तो शिसे नसून कर्बाचेच, म्हणजे कार्बनचेच, एक रूप आहे हे दाखविले. आणि १७८९ साली आब्राहाम वेर्नर या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने 'लिहिणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला 'ग्राफाइट' हे नाव दिले. १७९५ साली फ्रान्समधील कोंते याने ग्राफाइटची पूड मातीत मिसळून भाजण्याची रीत काढली, आणि आजची पेन्सिल तयार झाली. म्हणजे चूक दुरुस्त होऊन सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी इंग्रजी, जर्मन आणि मराठी या तिन्ही भाषा आपापल्या शब्दांत ते शिसे अजून बाळगून आहेत. शब्द हा जुन्या समजुतीचा मोठा चिवट साक्षीदार असतो, आणि भाषाशिक्षकाने त्याची उलटतपासणी केली नाही तर तो खोटीही साक्ष देतो.

आता ग्राफाइटची घडण. गोव्यात नाताळाच्या दिवसांत बेबिंक नावाचे पक्वान्न करतात. नारळाच्या रसाचे पातळ पीठ ओतून एक थर भाजावयाचा, तो झाल्यावर त्यावर दुसरा, मग तिसरा. सुरीने कापले म्हणजे थर वेगवेगळे मोजता येतात. ग्राफाइटची रचना अशीच आहे. त्यातील प्रत्येक थर कर्बाच्या अणूंचा असून, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे षट्कोनी घर शेजारी षट्कोनी घर असे ते अणू एका पातळीत जोडलेले असतात. एका थरातील अणूंची परस्परांशी पकड फार घट्ट. पण एका थराची वरच्या थराशी पकड अगदी सैल. जे. डी. बर्नाल यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने ही रचना १९२४ साली नेमकी उलगडली. आपण पेन्सिल कागदावर घासतो तेव्हा हे सैल पापुद्रे सुटून कागदावर राहतात. त्यालाच आपण अक्षर म्हणतो. बोटांना काळे लागते तेही याच कारणाने. हे पापुद्रे इतके पातळ असतात की एक मिलिमीटर जाडीच्या ग्राफाइटमध्ये त्यांची संख्या सुमारे तीस लक्ष भरते.

यावर कोणाही चौकस मुलाच्या मनात प्रश्न येईल की, या तीस लक्षांतला एकच पापुद्रा वेगळा काढता येईल काय? शास्त्रज्ञांनाही तो पडला होता. १९४७ साली फिलिप वॉलेस यांनी अशा एकेरी थरात वीज कशी वाहील याचे गणित मांडून ठेवले होते. १९६२ साली जर्मनीत हान्स-पेटर बोएम यांनी अत्यंत पातळ पापुद्रे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. पुढे १९८६ साली 'ग्राफीन' हे नाव सुचविणाऱ्यांतही तेच होते. पण असा एकच अणू जाडीचा थर सुटा करून, त्याला तारा जोडून, त्याची परीक्षा घेता येईल यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. लान्डाउ व पायर्ल्स या नामांकित शास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकातच असे गणित केले होते की, केवळ लांबी-रुंदी असलेला स्फटिक उष्णतेच्या थरथरीने टिकणार नाही.

इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि त्यांचे तरुण सहकारी कोन्स्तान्तिन नोवोसेलोव्ह यांनी ते केले. दोघेही जन्माने रशियातील. गाइम यांच्या प्रयोगशाळेत एक प्रघात होता. नेमून दिलेले काम सोडून, ज्याचा उपयोग होईलच असे नाही अशा एखाद्या वेड्यावाकड्या कल्पनेवर थोडा वेळ घालवावयाचा. यांना ते 'शुक्रवार संध्याकाळचे प्रयोग' म्हणत. अशाच एका प्रयोगात त्यांनी पूर्वी जबरदस्त चुंबकाच्या योगाने एक जिवंत बेडूक हवेत तरंगविला होता. ग्राफाइट किती पातळ करता येईल हाही असाच एक प्रश्न. प्रथम एका विद्यार्थ्याला ग्राफाइटचा तुकडा घासून पातळ करावयास सांगितले. तो घासता घासता जवळजवळ संपला, पण जो कण उरला तो हवा त्याहून फार जाड होता. शेजारच्या एका सहकाऱ्याला मात्र ग्राफाइटची ओळख वेगळ्या कामाने होती. त्याच्या उपकरणासाठी ग्राफाइटचा ताजा, स्वच्छ पृष्ठभाग लागे, आणि तो मिळविण्याची नेहमीची रीत अशी की, पारदर्शक चिकटपट्टी लावून वरचा थर ओढून काढावयाचा आणि पट्टी टोपलीत टाकावयाची. त्या टाकलेल्या पट्ट्यांवर काय चिकटले आहे हे या दोघांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यावर फार पातळ पापुद्रे होते. पट्टी पुन्हा पुन्हा दुमडून व उकलून ते आणखी पातळ केले, आणि मग सिलिकॉनच्या चकतीवर उतरवून घेतले.

या चकतीतही एक खुबी होती. तिच्यावर सुमारे तीनशे नॅनोमीटर जाडीचे सिलिकॉन ऑक्साइडचे लेपन होते, आणि त्या नेमक्या जाडीमुळे एका अणूचा पापुद्राही साध्या सूक्ष्मदर्शकातून किंचित निराळ्या छटेचा दिसतो. जाडी थोडी निराळी असती तर तो तेथे असूनही कोणास दिसला नसता. त्यांचा लेख एका प्रख्यात नियतकालिकाने दोन वेळा परत केला. अखेर 'सायन्स' या नियतकालिकात तो ऑक्टोबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१० साली दोघांस पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा नोवोसेलोव्ह यांचे वय ३६ होते.

या पापुद्र्याचे गुण ऐकावे तितके थोडेच. तो तितक्याच जाडीच्या पोलादाहून शंभर पटींहून अधिक बळकट आहे. पारितोषिक देणाऱ्या समितीने एक गमतीचा हिशेब मांडला होता. एक चौरस मीटर ग्राफीनची झोळी बांधली तर तिच्यात चार किलो वजनाचे मांजर निजू शकेल. झोळीचे स्वतःचे वजन मात्र एका मिलिग्रॅमहूनही कमी, म्हणजे त्या मांजराच्या मिशीच्या एका केसाइतकेही नाही. त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी फक्त २.३ टक्के तो अडवितो. हे मोजणाऱ्या २००८ सालच्या लेखाचे पहिले लेखक राहुल नायर हे केरळचे. पुढे त्यांनीच ग्राफीन ऑक्साइडचे पडदे करून पाण्यातील क्षार गाळण्याचे प्रयोग केले.

ग्राफीन हे केवळ दार होते; ते उघडल्यावर मागे मोठे दालन आहे असे कळून आले. ज्या ज्या पदार्थांची घडण पापुद्र्यांची, त्या सर्वांकडे शास्त्रज्ञ नव्या दृष्टीने पाहू लागले. मॉलिब्डेनम डायसल्फाइड ही पूड यंत्रांच्या वंगणात शेकडो कारखाने वापरीत आले आहेत. तिचा एकेरी थर उत्तम अर्धसंवाहक आहे, आणि २०११ साली स्वित्झर्लंडमध्ये त्याचा ट्रान्झिस्टर तयार झाला. बोरॉन नायट्राइडचा थर विजेला अडवितो, पण ग्राफीनखाली अंथरावयास त्याच्याइतकी सपाट गादी दुसरी नाही. त्याचे निर्दोष स्फटिक जपानमधील त्सुकुबा येथे तानिगुची व वातानाबे हे दोन शास्त्रज्ञ प्रचंड दाबाच्या यंत्रात वाढवितात, आणि जगभरच्या शेकडो प्रयोगशाळा त्यांवर अवलंबून राहिल्या आहेत. थरावर थर ठेवून हवे ते बेबिंक रचावे, असा हा प्रकार. २०१८ साली अमेरिकेत पाब्लो हारिलो-एरेरो व त्यांचे विद्यार्थी युआन त्साओ यांनी ग्राफीनचे दोनच थर एकमेकांवर ठेवले, पण वरचा थर सुमारे १.१ अंशाने फिरवून. एवढ्याशा फिरकीने, अतिशीत तापमानात, त्यातून वीज विनारोध वाहू लागली. पदार्थ तोच, अणू तेच. फक्त मांडणीचा कोन बदलला आणि स्वभाव पालटला.

आमच्या वाचकांस दोन गोष्टी अधिक जवळच्या वाटतील. पहिली सोन्याची. मिठाईवर किंवा मूर्तीवर लावतात तो सोन्याचा वर्ख पातळ खरा, पण त्यातही काही शे अणूंची चवड असते. २०२४ साली स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठात एकाच अणूच्या जाडीचे सोने तयार केल्याचे प्रसिद्ध झाले. टिटॅनियम कार्बाइडच्या थरांमध्ये अडकलेले सोने बाहेरचे कार्बाइड खरवडून मोकळे करावयाचे होते, आणि त्यासाठी जे द्रावण उपयोगी पडले ते जपानी लोहारकामात शंभर वर्षांहून अधिक काळ वापरात असलेले निघाले. दुसरी गोष्ट लोखंडाच्या मातीची. २०१८ साली अमेरिकेतील राइस विद्यापीठात पुलिकल अजयन यांच्या गटाने हेमटाइट या लोहखनिजापासून अतिपातळ पापुद्रे सुटे केले व त्यांस 'हेमटीन' हे नाव दिले. हेमटाइटमध्ये ग्राफाइटसारखे सैल थर नसतात. तरीही ते साधले. जाड दगडात जो चुंबकीय गुण नव्हता, तो या पातळ पापुद्र्यांत प्रकट झाला.

हे वाचले तेव्हा आम्ही थोडा वेळ स्तब्ध बसलो. आमचे मूळ गाव गोव्यातील डिचोली तालुक्यात आहे. तेथील खाणींतून निघणारी तांबडी माती म्हणजे मुख्यत्वे हे हेमटाइटच. आमच्या बालपणी ती ट्रकांतून जाई, बार्जेसवर चढे, आणि तिची धूळ आमच्या केळीच्या पानांवर बसे. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा गावाचे काय होणार याची चिंता सर्व घरांत होती. राइस विद्यापीठाने वापरलेले खनिज गोव्यातले होते असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच की, जी वस्तू आम्ही टनांनी मोजून जहाजात भरली, ती पातळ करून पाहावी हा प्रश्न आमच्यापैकी कोणास पडला नाही. आम्ही तिचा भाव विचारला. तिचा स्वभाव विचारला नाही.

आणि त्या मुलीच्या वडिलांचे काळे हात? ते उद्यमबागेतील एका ओतशाळेत काम करतात. बेळगावच्या ओतशाळांतून जे बिडाचे लोखंड ओतले जाते त्यात तीन-चार टक्के कर्ब असतो, आणि थंड होताना त्यातील बराचसा ग्राफाइटच्या बारीक पाकळ्या होऊन लोखंडातच बसतो. असे बीड लेथवर कापताना हाताला जी काळी भुकटी लागते तिच्यात हेच ग्राफाइट असते. म्हणजे लेकीच्या बोटांवरील काळे आणि बापाच्या तळहातावरील काळे यांचे नाते अगदी सख्खे आहे. या पाकळ्यांमुळे बीड कापावयास सोपे जाते, पण त्यांच्याच कडांवरून ते तडकतेही. १९४० च्या दशकात असे आढळून आले की, ओतण्यापूर्वी रसात अगदी थोडे मॅग्नेशियम मिसळले तर पाकळ्यांऐवजी ग्राफाइटच्या गोळ्या बनतात आणि तेच लोखंड ठोकले तरी सहसा तडकत नाही. यालाच आपल्याकडील कामगार 'एस. जी.' म्हणतात. मँचेस्टर आणि उद्यमबाग यांत अंतर पुष्कळ असले तरी धडा एकच आहे. पदार्थ कशाचा बनला आहे, एवढ्यावर त्याचे गुण ठरत नाहीत. तो कसा रचला आहे यावरही ठरतात.

येथवरची माहिती. आता आमचे मत.

चिकटपट्टीच्या या गोष्टीवरून दोन चुकीचे बोध काढले जातात. पहिला असा की, संशोधनाला काही लागत नाही. पट्टी आणि पेन्सिल असली की नोबेल पारितोषिक ठेवलेलेच. हा बोध गोड आहे, पण खरा नाही. त्या पट्टीमागे वॉलेस यांचे गणित होते, बर्नाल यांचे क्ष-किरण होते, नेमक्या जाडीची चकती होती, आणि अणूचा पापुद्रा ओळखू शकणारी तयार नजर होती. टोपलीतील पट्ट्या कितीतरी जणांनी पाहिल्या असतील. त्यांवर काय आहे हे ओळखण्याइतकी पूर्वतयारी दोघांचीच होती. तेव्हा, मुलांनो, गणिताची उजळणी चुकविण्यास ही गोष्ट पुढे करू नका.

दुसरा बोध याच्या अगदी उलट, आणि आमच्या मते अधिक घातक. 'हे सारे परदेशांतल्या मोठ्या प्रयोगशाळांचे काम. आमच्या मराठी शाळेतील मुलांनी ते परीक्षेपुरते पाठ करावे.' असे उघडपणे कोणी म्हणत नाही, पण आपण सर्व वागतो मात्र तसे. त्या मुलीच्या प्रश्नानंतर पेन्सिलीची रेघ सूक्ष्मदर्शकाखाली मुलांना दाखवावी असे आमच्या मनात आले. सूक्ष्मदर्शक कपाटात, कपाटास कुलूप, किल्ली कार्यालयात, आणि नोंदवहीत शेवटची नोंद तपासणीच्या दिवसाची! मोडतोड झाली तर भरपाई कोणी करावयाची, ही भीती प्रत्येकास आहे. यात दोष कोणा एकाचा नाही. आम्ही स्वतः इतकी वर्षे त्या कपाटासमोरून गेलो आणि आत काय आहे हे विचारले नाही. पण ज्या उपकरणास कोणी हात लावीत नाही ते न मोडताही निकामी झालेले असते.

म्हणून आमची सूचना अशी : शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास प्रयोगशाळा उघडी ठेवावी. त्या तासास गुण नाहीत, परीक्षा नाही, ठरलेला धडा नाही. ज्या मुलास जो प्रश्न पडला असेल तो त्याने हाताने करून पाहावा. मँचेस्टरच्या शुक्रवार संध्याकाळचा हा आमचा बेळगावी शनिवार. सुरुवातीस खर्चही फार नाही. ६ बी जातीच्या मऊ पेन्सिलीने कागदावर जाड, काळाकुट्ट पट्टा ओढावा, आणि ९ व्होल्टची बॅटरी व एल.ई.डी.चा बारीक दिवा त्या पट्ट्यातून जोडावा. दिवा लागतो. पट्टा लांब केला की तो मंद होतो. आम्ही हे शिक्षकांच्या खोलीत करून पाहिले आणि आमच्यासारख्या समासात रमणाऱ्या माणसासही तो दिवा लागताना पाहून लहान मुलासारखा आनंद झाला. नंतर विज्ञानाच्या सहकाऱ्यांच्या कृपेने कपाट उघडले. नववीच्या मुलांनी चिकटपट्टी दुमडून-उकलून ग्राफाइटचे कण काचपट्टीवर उतरविले, आणि ते काळ्याचे करडे, करड्याचे धूसर होताना पाहिले. त्यांत एका अणूचा पापुद्रा होता किंवा नाही, हे आमच्या जुन्या सूक्ष्मदर्शकास सांगता येणार नाही. पण पातळ म्हणजे किती पातळ, हा प्रश्न त्या दिवशी मुलांच्या बोटांना कळला.

या सूचनेवर पालकांचे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. कोणी म्हणतील की, दहावीच्या गुणांस याचा उपयोग काय? आमचे उत्तर असे की, आठवड्यात एक तास गुणांवाचून गेल्याने कोणाचे नुकसान झाल्याचे आम्ही पाहिले नाही. पण प्रश्न विचारण्याची सवय मोडल्याने झालेले नुकसान मात्र पुष्कळ पाहिले आहे. कोणी म्हणतील की, पुढे विज्ञान इंग्रजीतच शिकावयाचे, मग मराठीत ही खटपट कशाला? इंग्रजी अवश्य शिकावी. तीवाचून पुढे चालणार नाही हे आम्ही मुलांना रोज सांगतो. परंतु प्रश्न प्रथम पडतो तो घरच्या भाषेत. आमच्या वर्गात तो कोंकणीत पडला. बेंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात ग्राफीनवर व त्यासारख्या इतर थरांवर मोलाचे काम करणारे, भारतरत्न चिं. ना. रा. राव यांचे शालेय शिक्षण कन्नडमधून झाले. मातृभाषेने त्यांची वाट अडविली नाही. आणि 'पापुद्रा' या शब्दाने ग्राफाइटची घडण जितक्या लवकर कळते तितक्या लवकर ती कोणत्याही परक्या शब्दाने आमच्या मुलांस कळणार नाही.

आणखी एक कारण आहे, आणि ते प्रत्येक घराशी निगडित आहे. आज 'ग्राफीन' हे नाव बाजारातही ऐकू येते; वंगणाच्या डब्यावर, रंगाच्या जाहिरातीत, बॅटरीच्या वेष्टनावर. २०१८ साली एका अभ्यासात जगातील साठ कंपन्यांचे ग्राफीन तपासण्यात आले, तेव्हा बहुतेकांच्या मालात खरे ग्राफीन दहा टक्क्यांहूनही कमी निघाले. उरलेली मुख्यतः ग्राफाइटचीच पूड! २०२३ च्या जुलै महिन्यात कोरियातील काही संशोधकांनी नेहमीच्या तापमानात विनारोध वीज वाहून नेणारा पदार्थ सापडल्याचे जाहीर केले. वृत्तपत्रांनी जग बदलले असे सांगितले. काही आठवड्यांतच जगभरच्या प्रयोगशाळांनी, त्यांत दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळाही होती, तो पदार्थ करून पाहिला आणि दावा टिकला नाही. योगायोग असा की, त्या पदार्थात मात्र खरेच शिसे होते! ज्याने स्वतःच्या हाताने एक तरी दिवा लावून पाहिला आहे, तो अशा जाहिरातीस व वार्तेस 'करून दाखवा' असे म्हणेल. ज्याने केवळ पाठांतर केले आहे, तो जुने शिसे टाकून नवे शिसे पाठ करील.

उलट, खरे काम संथ असते आणि आपली मर्यादा आपण होऊन सांगते. २०२५ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात मूळचे भारतीय असलेले सप्तर्षी दास व त्यांचे सहकारी यांनी सिलिकॉनऐवजी केवळ अशा पातळ थरांच्या ट्रान्झिस्टरांचा एक साधा संगणक चालवून दाखविला. त्याचा वेग सेकंदास सुमारे पंचवीस हजार ठोक्यांचा. आपल्या खिशातील फोनचा वेग अब्जावधींत असतो. हे त्यांनी लपविले नाही. पहिले पाऊल पहिले पाऊल म्हणूनच सांगितले. मुलांनी त्यांच्याकडून चिकाटीबरोबर हा प्रामाणिकपणाही घ्यावा.

असो. त्या मुलीविषयी सांगून हा लेख पुरा करतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती एका कागदाच्या पुडीत चिमूटभर काळी भुकटी घेऊन आली. वडिलांनी लेथखालून ती मुद्दाम तिच्यासाठी गोळा केली होती. "सर, बाबा म्हणाले, हे रोज झाडून टाकतो, आता बघू तरी काय आहे ते." पुडीला चुंबक लावल्यावर लोखंडाचा कीस वर चढला आणि काळी धूळ बरीचशी कागदावर राहिली. ती तिने बोटाने वहीवर ओढली; रेघ उमटली. तो गृहस्थ बावीस वर्षे त्या भुकटीत उभा आहे, आणि तिचे नाव त्यास प्रथमच त्याच्या मुलीने सांगितले.

यंदाही नववीला आम्ही मध्यमपदलोपी समास शिकविणार आहोत आणि 'शिसपेन्सिल' हे उदाहरण देणार आहोत. शब्द सुंदर आहे, तो टाकण्याचे कारण नाही. मात्र विग्रह करून झाल्यावर आम्ही फळ्यावर एक वाक्य अधिक लिहू, 'परंतु तिच्यात शिसे नसते.' मग कोणी तरी विचारील, "सर, मग काय असते?" त्या वेळी प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली आमच्या हाती असावी, एवढीच शाळेच्या चालकांस व पालकांस आमची विनंती आहे.